दोन्ही तीरांवर परके



निलगिरीचे डोंगर आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असतील. उटीला जाणारा प्रवासी कुन्नूरवरून जातो, सवड असली तर कोटगिरीही पाहून येतो. परंतु चहाच्या उतारांवर ज्या बुटक्या घरांच्या चाळी दिसतात, तेथे तो सहसा थांबत नाही. आम्ही अशा एका वस्तीत दोन दिवस काढले. त्या वस्तीची हकीकत आज आपणांपुढे ठेवावयाची आहे.

ही वस्ती सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेहून, परत आलेल्या तमिळ मजुरांची. परत आलेल्या असे आपण म्हणतो खरे. पण त्यांतील बहुतेकांचा जन्म तिकडचाच. गेले होते ते त्यांचे आजे-पणजे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी सिलोनच्या डोंगरांत कॉफी लावली, तेव्हा रामनाड, पुदुकोट्टै, तिरुचिरापल्ली या भागांतून कंगाणी नावाचे मुकादम माणसे गोळा करून नेत. समुद्र ओलांडला की पुढे रानातून पायी चालावयाचे. कित्येकजण तापाने आणि पटकीने वाटेतच गेले. १८६९ पासून कॉफीवर तांबेरा पडू लागला, मळे बुडाले आणि त्यांच्या जागी चहा आला. पीक बदलले, मजुराचे जिणे तेच राहिले.

१९४८ साली सिलोन स्वतंत्र झाले आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्वाच्या कायद्याने यांतील बहुतेकांना परके ठरविले. भारतही त्यांना आपले नागरिक मानीत नव्हता. शेवटी ३० ऑक्टोबर १९६४ रोजी लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला. एकंदर माणसे ९,७५,०००. पैकी ५,२५,००० भारताने घ्यावयाची, ३,००,००० सिलोनने ठेवावयाची. उरलेल्या १,५०,००० ची वाटणी १९७४ साली निम्मी-निम्मी झाली. श्रोतेहो, भावाभावांत भांडीकुंडी वाटावी तशी ही माणसांची वाटणी झाली. ती ठरविताना त्या माणसांचे म्हणणे कोणी विचारात घेतले नाही.

तलैमन्नारहून बोटीने रामेश्वरम, तेथून मंडपमची छावणी, असा तो प्रवास. कित्येकांना धंद्यासाठी कर्ज मिळाले. पण ज्याने जन्मभर चहाची पाने खुडली, त्याला सपाटीवरच्या गावात दुकान कसे चालविता यावे? भांडवल संपले आणि माणसे आपल्या ओळखीची थंडी शोधीत निलगिरीवर चढली. याच लोकांसाठी मद्रास सरकारने १९६८ साली येथे चहाचे मळे उभारावयास घेतले होते. त्यांचेच पुढे 'टॅनटी' हे महामंडळ झाले. सरकारला श्रेय द्यावयास हवे. हाताला काम मिळाले, डोक्यावर छप्पर आले, मुलांना शाळा मिळाली.

मग उणे काय? एका वृद्ध बाईंच्या घरी आम्ही बसलो होतो. दुभाषा सोबत होता. त्यांनी गूळ घातलेला कोरा चहा पुढे केला. आम्ही विचारले, "अम्मा, आपले गाव कोणते?" त्यांनी प्रथम सिलोनमधल्या मळ्याचे नाव सांगितले, मग येथल्या मळ्याचे. पणजोबांचे गाव त्यांना ठाऊक नव्हते. त्या म्हणाल्या, "तिकडे आम्हाला इंडियावाले म्हणत. इकडे आम्ही सिलोनवाले. माझ्या नातवाने सिलोन डोळ्यांनी पाहिले नाही, तरी बाजारात तो सिलोनवालाच."

दुसरी गोष्ट घराची. ते मळ्याच्या मालकीचे. नोकरी आहे तोवर घर. निवृत्त झाले की ते खाली करावयाचे. ज्या हातांनी रान साफ करून मळा उभा केला, त्या हातांना म्हातारपणी चूल मांडावयास हक्काची जागा नाही. म्हणून तरुण मंडळी कोइंबतूर-तिरुप्पूरच्या गिरण्यांत जातात, आणि त्यांच्या जागी झारखंडकडचे मजूर पाने खुडण्यास येतात. आमच्या यजमानीण बाई त्यांतील एका मुलीला दोन पाने आणि एक कळी कशी खुडावी ते शिकवीत होत्या. आम्ही त्या मुलीविषयी विचारले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "ती? ती हिंदीवाली."

येथे कोणी म्हणेल, हे डोंगर तरी यांचे कोठे होते? आक्षेप खरा आहे. तोडा, कोटा, कुरुंबा आणि बडगा हे लोक येथे फार आधीपासून राहतात, आणि चहाखाली गेलेले रान पुन्हा रान व्हावे असे म्हणणारेही कमी नाहीत. परंतु रान तोडण्याचा निर्णय मजुराचा नव्हता. त्याची भरपाई त्याच्या घरातून का करावी?

पुनर्वसनाचे काम कागदावर लवकर संपते. माणसे उतरविली, काम दिले, खोली दिली, की फाईल बंद होते. आमच्या मते त्यास दोन गोष्टी आणखी लागतात. एक, नोकरीबरोबर न जाणारे, स्वतःच्या नावाचे घर. ते सरकारने द्यावयाचे आहे. दुसरी गोष्ट कोणत्याही सरकारला देता येत नाही. ती शेजाऱ्याने द्यावयाची असते: आलेल्या माणसाला, तो जेथून आला त्या मुलखाच्या नावाने हाक मारण्याचे सोडून देणे. आपल्या गावातही कोठून ना कोठून आलेली माणसे आहेत. त्यांना आपण कोणत्या नावाने हाक मारतो, याचा विचार प्रत्येकाने घरी जाऊन करावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.