पगार मालकाचा, टिप गिऱ्हाइकाची

मित्रहो, आणि रात्रपाळी संपवून थेट या मंडपात आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

हॉटेलात नवा पोरगा कामाला लागला की गल्ल्यावरून त्याला एक वाक्य हमखास ऐकवले जाते: "पगार जरा कमी आहे, पण वर टिप चांगली सुटते." आपल्या कामगार संघटनेचा अध्यक्ष म्हणून आज मला बोलायचे आहे ते या वाक्याविरुद्ध. मालक स्वतःच्या देण्यातला वाटा गिऱ्हाइकाच्या खिशावर ढकलतो आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसतो.

टिप घेण्यात कमीपणा नाही. खुशीने दिलेले पैसे आहेत ते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आयटीसीच्या खटल्यात सांगितले की, कार्डावरून आलेली टिप हॉटेलने कामगारांत वाटली तरी ती पगार ठरत नाही, कारण ती गिऱ्हाईक स्वेच्छेने देते. खटला प्राप्तिकराचा होता, पण त्यातले तत्त्व आपल्या कामाचे आहे. टिप पगार नसेल, तर तिच्याकडे बोट दाखवून पगार कमी ठेवण्याचा अधिकारही कुणाला नाही.

यात आपले नुकसान किती, ते हिशेबाने बघा. समजा एखाद्याचा पगार १३,००० रुपये आहे आणि महिन्याला ५,२०० रुपये टिप सुटते. वीस वर्षांनी तो काम सोडतो तेव्हा ग्रॅच्युइटी निघते दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगारावर, म्हणजे दीड लाख. तेच ५,२०० रुपये पगारात असते तर दोन लाख दहा हजार झाले असते. साठ हजारांचा फरक! ओव्हरटाइम आणि आजारपणाचा भत्ताही पगारावरच मोजतात. खाटेवर पडलेल्या वेटरला टिप कोण आणून देणार?

आणि आता तर ती टिपही आटत चालली आहे. पूर्वी बिल बडीशेपेच्या बशीतून जायचे, सुटे परत यायचे, त्यातली दहाची नोट नाहीतर दोन नाणी बशीत राहायची. आता टेबलावर क्यूआर कोड उभा असतो. ३४७ रुपयांचे बिल गिऱ्हाईक नेमके ३४७ रुपयांनी भागवते आणि उठते. कुणी वर दहा-वीस टाकलेच, तर ते मालकाच्या खात्यात जमा होतात. रात्री गल्ला मिळवताना ते वेगळे काढायचे कोणी? टिपेच्या भरवशावर ज्यांनी खोली भाड्याने घेतली, त्यांची मिळकत घटली आणि पगार मात्र जागच्या जागी राहिला.

सेवाशुल्काबद्दल थोडक्यात बोलतो. ते बिलात आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बजावले आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. हा पैसा कामगारांत वाटला जातो, असे मालकांच्या संघटनांचे म्हणणे होते. जिथे तो खरोखर वाटला जात होता तिथल्या कामगारांना झळ बसली असणार. तरीही मला निकाल योग्य वाटतो. पदार्थांचे दर ठरवायला मालक मोकळा आहे. डोशामागे दहा रुपये वाढवा, दरपत्रकावर उघड छापा आणि ते पगारात घाला. छोट्या खाणावळवाल्याला भाडे आणि गॅस परवडत नाही, हे मी जाणतो. पण त्याची भरपाई मोरीवरच्या माणसाने का करायची?

टिपेवर पगार टांगला की काय होते, ते अमेरिकेत दिसते. तिथे टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यायचे किमान वेतन केंद्रीय कायद्याने तासाला २ डॉलर १३ सेंट ठेवले आहे. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. उरलेले टिपेतून भरून निघावे आणि नाही निघाले तर मालकाने घालावे, अशी ती तरतूद. पोट टिपेवर असले की टेबलावरचा अपमान गिळावा लागतो, आणि आपल्या भगिनींना त्याहून वाईट सोसावे लागते. आपल्याकडे असा कायदा कधीही येता कामा नये.

एक गोष्ट आपल्याच माणसांना सांगायची आहे. मोरीवर दिवसभर पाण्यात हात घालून उभा असलेला माणूस गिऱ्हाइकाला दिसत नाही. भट्टीपुढचा आचारीही दिसत नाही. टिपेचा डबा ठेवा, रात्री सगळ्यांसमोर उघडा आणि मोरीपर्यंत वाटा. मालकाचा हात त्या डब्याला लागू देऊ नका.

वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. किमान वेतन हा त्यात प्रत्येक कामगाराचा हक्क आहे आणि पगाराची चिठ्ठी देणे मालकाला बंधनकारक आहे. येत्या पगाराच्या दिवशी ही चिठ्ठी मागा. एकट्याने जाऊ नका, पाच-सात जणांनी मिळून जा आणि अर्ज लेखी द्या. चिठ्ठीवरचा आकडा आणि हातात पडलेली रक्कम जुळत नसेल, तर दोन्ही घेऊन संघटनेच्या कार्यालयात या. पुढची लढाई आपण तिथून लढू.