मार्कांच्या पलीकडचे शिक्षण

(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



श्रीगणरायाला वंदन करून आज पालकांशी दोन शब्द बोलतो. मूल नववीत गेले की आपण त्याचे नाटक, खेळ, स्काउट सगळे बंद करतो. ‘दहावी होऊ दे, मग बघू’ म्हणतो. यात मुलाचे काय जाते, याचाही हिशेब मांडायला हवा.

१९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचे उदाहरण घ्या. १० ते १७ वयाची मुले गट करून परिसरातलाच एखादा प्रश्न निवडतात, अशी तिची पद्धत. समजा, कॉलनीत पाणी किती वाया जाते, हा प्रश्न घेतला. त्याचे उत्तर पुस्तकात नाही. घरोघरी विचारावे लागते, गळक्या नळाखाली बादली ठेवून मोजावे लागते. लोक सांगतात एक आणि मोजमाप निघते दुसरेच! मग खरे काय, का, कशावरून, असा विचार सुरू होतो. परीक्षक उलट प्रश्न विचारतात, तिथे पाठांतर चालत नाही.

त्याच वेळी दुसरेही शिक्षण होते. गटात एक पुढे पुढे करणारा, एक अबोल, एक कामचुकार असतोच. इथे परप्रांतात तर चार मुलांच्या घरी चार भाषा! तरी कामे वाटून घ्यायची, दुसऱ्याचे ऐकायचे, भांडण झाले तरी काम तडीस न्यायचे. नोकरीनिमित्त गाव सोडून आलेल्या आपल्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

एक पथ्य मात्र पाळावे. प्रकल्प बाबांनी केला, तक्ता दुकानातून आणला, तर मार्क मिळतात, शिक्षण राहून जाते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांत भिंत नको असे म्हटले. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवले. पण भिंत आपल्या घरातच असेल, तर धोरण काय करणार?

म्हणून विनंती एवढीच, की दहावीपर्यंत आठवड्याचे दोन तास मुलाच्या आवडीच्या एका उपक्रमासाठी राखून ठेवा. निवड त्यालाच करू द्या.

सर्व विद्यार्थ्यांचे अभिनंदन. गणपती बाप्पा मोरया!