ताटातलं पाणी
(नभोवाणीवरील भाषण)



रविवारी सकाळी कोल्हापुरातल्या कुठल्याही मटणाच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहावं. रांगेतल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच मागणी असते, “कवळं द्या बरं का!” खाटीक सराईतपणे मान हलवतो आणि समोर टांगलेलं असेल तेच तोडून देतो. गंमत अशी की हेच गिऱ्हाईक घरी जाऊन ते मटण मंद आंचेवर दीड-दोन तास शिजत ठेवणार असतं. इतका वेळ शिजवायचं असेल, तर कोवळ्याचा हट्ट धरण्यात फारसा अर्थ नाही. त्या शिजण्याला लागतो जनावराचा राबलेला भाग. खांदा, गर्दन, पुढच्या-मागच्या पायांच्या नळ्या. चालून चालून ज्यांच्यात शिरा आणि पडदे धरले आहेत, असे तुकडे.

फ्रान्समध्ये मेंढ्याची अख्खी मांडी झाकण लावून सात तास शिजवायचा एक जुना प्रकार आहे. त्याचं नावच ‘सात तासांची मांडी’. दुसरं नाव ‘चमच्याची मांडी’, कारण सात तासांनंतर तिला सुरी लावावी लागत नाही. तो प्रकार कोवळ्या कोकरासाठी निघालेलाच नव्हता. म्हाताऱ्या, चिवट मेंढ्याचं करायचं काय, या अडचणीतून तो निघाला.

मेंढीचा विषय निघालाच आहे तर एक घोळ इथेच सोडवलेला बरा. इंग्लंडात वर्षाच्या आतल्या मेंढराचं मांस म्हणजे लँब, वाढलेल्या मेंढराचं म्हणजे मटण. मुळात हा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये मेंढ्याचाच. तो इंग्रजांबरोबर इकडे आला आणि इथल्या बोकडाला चिकटला. लंडनला किंवा मेलबर्नला राहणारं मराठी कुटुंब सुपरमार्केटातून लँबचा खांदा आणतं आणि घरात त्याला बिनदिक्कत मटणच म्हणतं. शब्दानं अशी जगप्रदक्षिणा पूर्ण केली! फरक जाणवतो तो जिभेला. मेंढराची चरबी लवकर थिजते आणि टाळूला चिकटते, म्हणून ते ताट गरमागरमच संपवावं लागतं.

आता पातेल्याकडे वळू. मटण धुऊन, हळद, मीठ आणि आलं-लसूण लावून ठेवलेलं आहे. जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर थोडा कांदा परतला, त्यावर मटण टाकलं, वरखाली हलवलं. मग पातेल्यावर झाकण म्हणून ताट ठेवलं आणि त्या ताटात तांब्याभर पाणी ओतलं. घाटावर काय, कोकणात काय, शेकडो घरांत हे असंच होतं आणि कुणी कुणाला त्याचं कारण विचारत नाही.

कारण मात्र विचारण्याजोगं आहे. पातेल्यातली वाफ वर जाते, ताटातल्या पाण्यानं तळ गार राहिलेला असतो, तिथे ती निवून थेंब होते आणि पुन्हा मटणावर पडते. मटण आपल्याच पाण्यात शिजत राहतं. शिवाय पाण्याच्या वजनानं ताट घट्ट बसतं. आतलं पाणी कमी पडलं, तर ताटातलं तापलेलं पाणी हाताशी असतंच. वरून गार पाणी घातलं की मटण ‘आखडतं’ असं बायका सांगतात. आखडण्याचं माहीत नाही म्हणा, पण गार पाण्यानं सगळं पातेलं निवतं आणि शिजणं तेवढा वेळ थांबतं, एवढं नक्की. फ्रान्समध्ये ‘दूफ’ नावाचं बिडाचं भांडं मिळतं. त्याचं झाकण मुद्दाम खोलगट केलेलं असतं, त्यात पाणी किंवा बर्फ घालायचा म्हणून. नावाचा अर्थ मंद आंच. भांडं महाग आहे. आपलं ताट घरातलंच.

मांसात चालतं ते असं. साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअसला स्नायूंभोवतीचे पडदे आवळू लागतात आणि ओला कपडा पिळावा तसं आतलं पाणी बाहेर काढतात. अर्ध्या तासानं एखादा तुकडा काढून चावून पाहिला तर तो कच्च्यापेक्षाही चिवट लागतो तो यामुळेच. नवशिक्याचा धीर इथे सुटतो. तो गॅस मोठा करतो. पण 70 अंशांच्या पुढे त्याच पडद्यांतलं कोलॅजन हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होऊ लागतं आणि त्याला घाई चालत नाही, तास जावे लागतात. रस्सा खदाखदा उकळला तर धागे कोरडे पडतात. एखादाच बुडबुडा अधूनमधून वर यावा, ताटातल्या पाण्यातून नुसती वाफ निघावी, इतकीच आंच हवी. झालं की नाही हे घड्याळाला विचारू नये. नळीचं मांस हाडावरून मागे सरकलं आणि हाडाचं टोक पांढरं दिसू लागलं, की झालं.

कच्च्या पपईचा आधार घेणारेही आहेत. तिच्यातलं पपेन मांसाचे धागे तोडतं खरं, पण ते वरवरच काम करतं, आणि जास्त वेळ राहिलं तर बाहेरून पीठ, आतून चामडं.

मग कुकर? कुकरमध्ये दाब वाढतो आणि पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून दोन तासांचं काम अर्ध्या तासात आटोपतं. त्याचा पूर्वज फ्रेंच संशोधक दनी पापँ यानं 1679 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला, तोच मुळी हाडं मऊ करायचं यंत्र म्हणून. 1682 मध्ये त्यात शिजवलेल्या जेवणाची हकिकत जॉन एव्हलिननं आपल्या रोजनिशीत नोंदवली आहे. तेव्हा कुकरला नावं ठेवण्याचं कारण नाही. त्याचा दोष एकच, मधे झाकण उघडून बघता येत नाही. चार शिट्ट्या आणि पाच शिट्ट्या यांच्यामध्येच मटणाचा लगदा होऊन जातो, आणि हे कळतं ते झाकण पडल्यावर.

कोल्हापुरात या पहिल्या शिजण्यातून निघणाऱ्या पाण्याला अळणी म्हणतात. नाव अळणी, पण मीठ असतं. नसतं ते तिखट. घरातल्या पोरांना आणि आजाऱ्याला वाटीभर अळणी आधी मिळते. उरलेल्याचे दोन वाटे होतात. एकात कांदा-लसूण चटणी पडून तांबडा रस्सा, दुसऱ्यात नारळाचं दूध, खसखस, काजू पडून पांढरा. पाहुणे रंगांचं कौतुक करतात, चव मात्र आधीच त्या ताटाखाली तयार झालेली असते.

हेच नारळाचं दूध आणखी एका मटणात भेटतं. रायगडच्या गावांतून तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायली ज्यू लोकांना गाववाले शनवार तेली म्हणत. त्यांच्या धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. दही लावून मुरवणंही बाद. मांस अर्धा तास पाण्यात, मग तासभर मिठात ठेवून धुवायचं, हा त्यांचा नेम. दुधा-दह्याची जागा त्यांच्या मटणात नारळाच्या दुधानं घेतली. हे लोक पुढे मोठ्या संख्येनं इस्रायलला गेले, नारळाचं दूध बरोबर गेलं.

परदेशात ओव्हन असलेल्या घरात ताटाचं काम बिडाचं झाकण करतं. दोन किलोचा हाडासकट खांदा, आदल्या रात्री मीठ आणि आलं-लसूण चोळून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी खाली जाड कापलेला कांदा, दोन-तीन मसाला वेलच्या, दालचिनीचा तुकडा, कपभर पाणी, वर खांदा. झाकण लावून 150 अंशांवर साडेतीन ते चार तास. मधे एकदा उघडून पाणी आहे का ते पाहायचं आणि शेवटच्या वीस मिनिटांत झाकण काढून वरचा भाग लाल होऊ द्यायचा.

जेवणं झाल्यावर उरलेला रस्सा उघड्यावर रात्रभर ठेवू नये. निवला की लगेच फ्रिजमध्ये जावा. सोमवारी सकाळी डबा काढला की वर चरबीचा पांढरा थर दिसतो. तो चमच्यानं बाजूला सारला की खालचा रस्सा वाहत नाही, थरथरतो. शिरांमधून सुटलेलं जिलेटिन ते. पातेल्यात टाकून गरम केला की दोन मिनिटांत पातळ होतो, तोवर शिळी भाकरी तव्यावर कडक करून घ्यावी.