पावाची लादी आणि मोबाइलचा पडदा



व्याख्यानमालांच्या मांडवात वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व विषय होऊन जातात. त्या मानाने गल्लीतल्या बेकरीतून मोबाइलवर पाव कसा मागवावा हा विषय अगदी खालच्या पायरीवरचा वाटेल. परंतु ज्या वस्तूशी रोज सकाळी गाठ पडते, तिच्याविषयी तासभर विचार केला तर तो वाया जात नाही, अशी माझी समजूत आहे.

आज लहानशा बेकरीचा मालकही ‘आमचे स्वतःचे एक ॲप असावे’ असे म्हणू लागला आहे. त्याचे हे म्हणणे हौसेखातर नाही. खाद्यपदार्थ घरपोच करणाऱ्या मोठ्या कंपन्यांमार्फत माल विकला तर दर मागणीमागे दलाली द्यावी लागते. ती एक वेळ सोसता येईल. पण तिच्याहून मोठा तोटा असा, की गिऱ्हाईक त्या कंपनीचे होते, बेकरीचे राहत नाही. वीस वर्षे येणाऱ्या माणसाचे नाव, त्याची आवड, त्याचा वार, हे सारे दुसऱ्याच्या वहीत जाते. ती ओळख आपल्या हाती राहावी म्हणून ॲप. मात्र ते वाईट बनले, तर जे दलालाने नेले असते ते दुकानदार आपल्याच हाताने घालवतो. तेव्हा चांगले म्हणजे कसे, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने पोटाचा आहे.

प्रथम हे पाहू, की ॲप नव्हते तेव्हा मागणी कशी होत असे. गोव्यात पाव घरोघर नेणाऱ्याला पोदेर म्हणतात. पाव हा शब्दही पोर्तुगीज आणि पोदेर हाही त्याच घरचा. सायकलीवर टोपली, हातात भोंगा. भोंगा वाजला की घरातले माणूस दारात येते, उंडे हवेत की पोई ते सांगते, आणि पुष्कळदा तेही सांगावे लागत नाही, कारण पोदेराला ते घर ठाऊक असते. या व्यवहारात काय काय साधले आहे ते पाहा. माल ताजा आहे ही सूचना मिळाली; निवड मोजकी, म्हणून घोटाळा नाही; आणि दोन माणसांतील स्मरणाने अर्धे बोलणे वाचले. आपल्याकडच्या बेकरीतही हेच चालते. गिऱ्हाईक पायरीशी येते आणि म्हणते, ‘नेहमीचेच द्या.’ दोन शब्दांत मागणी पुरी!

माझ्या मते बेकरीच्या ॲपची खरी परीक्षा या दोन शब्दांत आहे. ॲप उघडताच पहिल्या पडद्यावर ‘नेहमीचेच’ असे एक ठसठशीत बटण असावे आणि त्याखाली ‘एक लादी पाव, पाव किलो खारी’ अशी मागच्या वेळची यादी दिसावी. पण पुष्कळ ठिकाणी काय होते? आधी नाव नोंदवा, मग सांकेतिक शब्द ठरवा, मग तो विसरलात तर नवा मागा, आणि मग चित्रांच्या पंक्तींतून खारी शोधा. लॅरी टेस्लर नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी एक मार्मिक विचार मांडला आहे. कोणत्याही व्यवहारातील गुंतागुंत काही मर्यादेपलीकडे नाहीशी करता येत नाही. ती कोणी वाहायची एवढेच ठरवता येते, यंत्र करणाऱ्याने की वापरणाऱ्याने. सोय या शब्दाचा अर्थ मला याहून चांगला सांगता येणार नाही. सोय म्हणजे दुकानदाराने ओझे उचलणे. गैरसोय म्हणजे तेच ओझे गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवणे.

आता भाषेकडे येतो, कारण पुष्कळ ॲपे इथेच अडखळतात. बेकरीत ‘बटर’ म्हणजे लोणी नव्हे. चहात बुडवून खायचा तो कडक, खुसखुशीत पदार्थ. ‘टोस्ट’ म्हणजे घरी भाजलेली पावाची चकती नव्हे, तर दोनदा भाजलेला तो कुरकुरीत तुकडा. परदेशी नमुन्यावरून यादी तयार केली, की बटरच्या नावापुढे लोण्याच्या वडीचे चित्र येते आणि आजीबाई बुचकळ्यात पडतात. मापाचेही तसेच. ‘पाव’ म्हणजे खायचा पदार्थ आणि ‘पाव’ म्हणजे चौथा हिस्सा. एक शब्द पोर्तुगालचा, दुसरा संस्कृत पादाचा. तोंडी बोलून मागणी घेणारे यंत्र ‘पाव किलो खारी’ हे शब्द ऐकून पाव आणि एक किलो खारी पाठवू लागले, तर यंत्राला काय बोल लावणार? ज्याने बेकरीच्या कट्ट्यावर उभे राहून चार दिवस नुसते ऐकले नाही, त्याने ही यादी करूच नये.

याहून सूक्ष्म असा एक प्रश्न केकवरील नावाचा आहे. समजा, ॲपमध्ये नावासाठी दहा अक्षरांची मर्यादा घातली. इंग्रजी वळणाच्या माणसाला ती पुरेशी वाटते. आता ज्ञानेश्वरी नावाच्या मुलीचा वाढदिवस आहे. आपण मोजाल तर अक्षरे चार: ज्ञा, ने, श्व, री. परंतु संगणकाच्या युनिकोड पद्धतीत जोडाक्षराचा प्रत्येक घटक, हलन्ताची खूण, काना, मात्रा, वेलांटी ही सारी निरनिराळी मोजली जातात. त्या हिशेबाने हे नाव अकरा चिन्हांचे होते. दहावर कात्री लागली की शेवटची वेलांटी गळते आणि उरते ‘ज्ञानेश्वर’. मेणबत्त्या लागल्या, पाहुणे जमले, आणि मुलीच्या केकवर मुलाचे नाव! कोणाचाही हेतू वाईट नव्हता. फक्त आपले अक्षर मोजण्याची रीत वेगळी आहे हे कोणी लक्षात घेतले नाही. म्हणून मोजायचेच तर डोळ्याला दिसते ते अक्षर मोजावे, आणि नाव केकवर जसे उमटेल तसे मागणी पक्की होण्यापूर्वी मोठ्या ठशात दाखवावे.

तिसरी गोष्ट भट्टीची. कणीक मळणे, ती फुगू देणे, भाजणे, निवणे, यांना लागायचा तो वेळ लागतोच; बोट दाबल्याने यीस्ट घाई करीत नाही. भट्टीतून माल ठरावीक वेळीच निघतो. तेव्हा ‘त्वरित’ असे मोघम आश्वासन देण्याऐवजी ‘पावाची पुढची खेप साडेपाचला’ असे ॲपने सांगावे. पोदेराच्या भोंग्याचे काम ते हेच. केकला आदल्या दिवशी सांगावे लागत असेल, तर आजची तारीख निवडताच येऊ नये. निवडू देऊन मग रात्री ‘क्षमस्व’ म्हणण्यात कसले सौजन्य?

हात आणि डोळे यांच्याविषयी शास्त्राने पुष्कळ सांगितले आहे. त्यातले थोडकेच सांगतो. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवून दिले, की लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका हाताला तिथे पोहोचायला वेळ अधिक. बटण बोटाच्या टोकाएवढे, म्हणजे निदान ९ मिलिमीटर रुंद असावे, हा नियम त्याच विचारातला. चाळिशीनंतर जवळचे अक्षर पुसट होते, म्हणून पांढऱ्यावर फिकट करडे लिहिणे हे सौंदर्य नव्हे. सर्वांना वाचता यावे यासाठी जे आंतरराष्ट्रीय दंडक आहेत, त्यांत साध्या मजकुरासाठी अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक असे प्रमाण मागितले आहे. आणि अंड्याचे काय? आपल्या घरांत हा प्रश्न चवीचा नसून व्रताचा असतो. शाकाहारी पदार्थाला हिरवे वर्तुळ आणि मांसाहारी पदार्थाला तपकिरी त्रिकोण ही सरकारी खूण आहे. ती नावाला चिकटून दिसावी. ज्याला रंग ओळखू येत नाहीत, त्यालाही आकार ओळखू येतो.

पैशांची देवघेव २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीने सोपी झाली हे खरे. पण नेमके पैसे देताना संपर्क तुटला म्हणजे माणसाचा जीव टांगणीला लागतो. पैसे गेले की नाही? पुन्हा दाबू का? अशा वेळी ॲपने स्पष्ट सांगावे: ‘मागणी पोहोचली आहे, पैशांची खात्री व्हायची आहे, पुन्हा भरू नका.’ आणि कोणी घाबरून दोनदा दाबलेच, तरी केक एकच व्हावा, पैसे एकदाच जावेत. ‘दुकानात येऊन रोख देईन’ ही वाटही मोकळी असावी.

सभ्यहो, सोयीच्या नावाखाली जी लबाडी चालते, तिच्याविषयी बोलले पाहिजे. न मागितलेली वस्तू टोपलीत हळूच सरकवणे, शेवटच्या पायरीवर नवीन आकार जोडणे, ‘दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई लावणे, नको म्हणणाऱ्याला लाजवणे, अशा तेरा प्रकारांची यादी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केली आणि त्यांना मनाई केली. त्याच वर्षी संमत झालेला वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा म्हणतो, की कामापुरतीच माहिती घ्यावी. खारी पोचवायला पत्ता लागतो. माझ्या फोनमधील सगळ्या आप्तेष्टांची यादी कशाला लागते? पण कायदा बाजूला ठेवला, तरी गल्लीतल्या दुकानदाराला ही लबाडी परवडणारी नाही. मोठ्या कंपनीला लाखो अनोळखी माणसे मिळतात. याला तीच तीच माणसे उद्या सकाळी तोंड दाखवणार असतात.

आणि पडद्याच्या पलीकडे कोण उभा आहे? कोपरापर्यंत कणकेने माखलेला कारागीर. तो बहुधा दूरच्या प्रांतातून आलेला, कदाचित मराठी न वाचणारा. त्याच्यापुढे चकाकणारा तक्ता ठेवून काय उपयोग? त्याला मोठ्या आकड्यांची छापील चिठ्ठी, ऐकू येईलशी घंटा आणि ‘घेतले’, ‘तयार’ अशी दोनच बटणे हवीत. गिऱ्हाइकाची सोय कारागिराच्या हालांवर उभारली, तर ती फार दिवस टिकत नाही.

हे सारे साधले की नाही हे कसे कळावे? जेकब नील्सन हे या शास्त्रातील जाणकार सांगतात, की पाच माणसांना ते वापरायला दिले तरी बहुतेक मोठे दोष उघडे पडतात. मात्र त्या पाचांत एक आजीबाई, एक घाईतला नोकरदार आणि एक कमी शिकलेला असावा. आणि त्यांच्याजवळ बसलेल्या करणाऱ्याने तोंड मिटून पाहावे. ‘अहो, इथे दाबा’ असे सांगण्याचा मोह झाला, की दोष तिथेच आहे असे समजावे.

शेवटी एकच गोष्ट. ॲप झाले म्हणून दुकानातला दूरध्वनी बंद करू नये आणि पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला ‘मोबाइलवरून मागवा’ असे सांगू नये. फोनवरची, तोंडची आणि ॲपवरची, तिन्ही मागण्या एकाच यादीत, एकाच क्रमाने लागाव्यात. ज्याच्याजवळ यंत्र नाही त्याचा पाव आधी संपला, तर आपण सोय केली नाही, फक्त रांगेत घुसण्याचा नवा मार्ग काढला, असे होईल. शेजारधर्म वाढवणारे यंत्र हवे की शेजारी विसरायला लावणारे, याचा निर्णय यंत्र करीत नाही. बेकरीवाला आणि आपण मिळून तो करायचा आहे.