नेपल्सचा माणूस फिरायला निघतो तेव्हा

परक्या देशात भाषा आली, असं कधी म्हणायचं? भाजी घेता आली तेव्हा? सरकारी कचेरीत फॉर्म भरता आला तेव्हा? माझ्या मते, चार लोक हसत असताना आपल्यालाही हसू आलं आणि कशाचं ते कळलं, की भाषा आली. या हिशेबाने मला इटालियन यायला बरीच वर्षं लागली.

कारण इथला बराचसा विनोद वर्गात शिकवतात त्या इटालियनमध्ये नसतोच. तो नेपल्सच्या, रोमच्या, सिसिलीच्या बोलीत असतो. पुस्तकी मराठी शिकलेला परदेशी माणूस थेट 'वस्त्रहरण' बघायला बसला, तर मालवणी ऐकून त्याचं जे होईल ना, तेच माझं व्हायचं.

पण हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. इथल्या कितीतरी गाजलेल्या विनोदी सिनेमांचं मूळ एकच आहे: एका भागातला माणूस दुसऱ्या भागात जातो. म्हणजे, ही आपलीच गोष्ट की!

१९५६ च्या एका सिनेमात तोतो आणि पेप्पीनो हे दोन नट नेपल्सकडचे खेडूत भाऊ झालेत. मिलान म्हणजे भयंकर थंडी, असं ऐकलेलं, म्हणून जाडजूड फरचे कोट घालून ते तिथे उतरतात. चौकातल्या पोलिसाला पत्ता विचारायचा तर फ्रेंच-जर्मनची खिचडी करून बोलतात. आपल्याच देशात आहोत, हेच त्यांच्या गावी नाही! हा प्रसंग इथे लहानथोरांना पाठ असतो.

आता त्या काळात खरं काय चाललं होतं बघा. दक्षिणेतून हजारो माणसं उत्तरेच्या कारखान्यांत येत होती. मी राहते त्या ट्युरिनमध्ये 'फियाट'मुळे तर लोंढेच आले. आणि घरांवर पाट्या लागायच्या: दक्षिणेकडच्यांना भाड्याने देणार नाही. हसू होतं, पण त्याच्या खाली हे होतं.

मग १९८१ मध्ये मास्सिमो त्रोईसी आला. नेपल्सजवळच्या सान जोर्जो आ क्रेमानोचा. 'रिकोमिंचो दा त्रे' हा त्याचा पहिला सिनेमा. त्यातला गायतानो गाव सोडून फ्लॉरेन्सला जातो, आणि भेटेल तो विचारतो, पोटासाठी आलास का? तो बिचारा सांगत राहतो की अहो, मी जग बघायला निघालोय. कुणाला पटत नाही! नेपल्सचा माणूस नुसता फिरायला निघू शकतो, हेच लोकांच्या डोक्यात बसत नाही.

इथे त्रोईसीने काय केलं? हसण्याची दिशा फिरवली. आता आपण आलेल्या माणसाला हसत नाही, प्रश्न विचारणाऱ्याला हसतो. आणि तेही आवाज न चढवता, अडखळत, अर्धी वाक्यं गिळत.

२०१० च्या 'बेनवेनूती अल सूद'मध्ये तर उलटा प्रवास आहे. मिलानकडचा पोस्टमास्तर बदलीवर दक्षिणेला जातो, तोही बुलेटप्रूफ जाकीट घालून! कल्पना मूळची एका फ्रेंच सिनेमाची, पण इथे ती अशी बसली की जणू इथलीच.

माझ्या एका सहकाऱ्याचे वडील पुलियाहून ट्युरिनच्या कारखान्यात आले होते. तो म्हणाला, "बाबा त्रोईसी बघताना हसायचे, पण त्या प्रश्नाला गप्प व्हायचे." आज तोच प्रश्न मला बेकरीत विचारतात. कुठल्या तुम्ही? परत कधी जाणार? विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण उत्तर त्याने आधीच ठरवलेलं असतं.

मोठ्यांचं ठीक आहे हो. इथे जन्मलेल्या मुलांचं काय? आईवडील परदेशी असतील, तर १९९२ च्या कायद्याप्रमाणे सलग इथेच वाढलेल्या मुलालाही स्वतःच्या जन्माच्या आधारे नागरिकत्व मागायला अठराव्या वर्षापर्यंत थांबावं लागतं. ही मुलं पक्क्या ट्युरिनी हेलात बोलतात, आणि तरी त्यांना विचारतात, कुठून आलास? त्यांच्यातलं कुणीतरी त्रोईसीसारखं अडखळत, शांतपणे सगळ्या देशाला त्या प्रश्नावर हसायला लावेल, याची मी वाट बघतेय.

तोवर 'रिकोमिंचो दा त्रे' जरूर बघा, सबटायटल लावून. लाजू नका, माझ्या ओळखीच्या उत्तरेकडच्या इटालियनांनाही त्यातली काही वाक्यं कळत नाहीत! भेटूया पुढच्या भागात.