औलीचा बर्फ, जोशीमठची जमीन



बद्रीनाथच्या वाटेवर जोशीमठला मुक्काम केलेले यात्रेकरू महाराष्ट्रात गावोगावी भेटतील. पण त्यांनी पाहिलेलं जोशीमठ यात्रेच्या दिवसांतलं. हिवाळा आला की बद्रीनाथचे दरवाजे बंद होतात, शंकराचार्यांची गादी जोशीमठच्या नरसिंह मंदिरात येते आणि यात्रेवर पोट असलेल्या हॉटेलवाल्यांचा, टॅक्सीवाल्यांचा हंगाम संपतो. पुढचे महिने त्यांची भिस्त असते ती वर औलीत पडणाऱ्या बर्फावर.

जोशीमठ सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. औलीचे उतार अडीच हजार मीटरपासून तीन हजारांपर्यंत चढत जातात. दोन्हींना जोडणारा रोपवे जवळजवळ चार किलोमीटर लांबीचा. खाली देवदार आणि ओकची जंगलं, वर गोरसों बुग्यालचं मोकळं कुरण आणि समोर ७,८१६ मीटर उंचीचं नंदादेवी शिखर. भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची पर्वतारोहण आणि स्कीइंग संस्था इथेच आहे. गढवाल मंडल विकास निगमही नवशिक्यांसाठी वर्ग चालवतं. तिथे पहिला धडा वेगाचा नसतो, थांबण्याचा असतो: दोन्ही स्कींची टोकं जवळ आणायची, टाचा बाहेर रेटायच्या आणि उतारावर स्वतःला आवरायचं.

२०११च्या जानेवारीत पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धा डेहराडून आणि औलीत झाल्या. त्यासाठी कृत्रिम बर्फ तयार करणारी यंत्रंही औलीत बसवली गेली. पण अशा यंत्राला पाणी लागतं आणि हवाही पुरेशी थंड लागते. मुळात इथला बर्फ येतो भूमध्य समुद्राकडून निघालेल्या पश्चिमी झंझावातांबरोबर, आणि त्यांनी पाठ फिरवली की उतार उघडे पडतात. २०२३च्या फेब्रुवारीत औलीतल्या राष्ट्रीय स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी रद्द कराव्या लागल्या.

त्याच हिवाळ्यात संकट पायाखालूनही आलं.

जानेवारी २०२३मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली. आठशेंहून अधिक इमारतींना तडे गेले, कुटुंबांना राहती घरं सोडावी लागली आणि रोपवेही बंद झाला. हे गाव जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसलं आहे, इथे झाडं तोडू नका, सुरुंग लावू नका, सांडपाण्याचा नीट निचरा करा, असं मिश्रा समितीने १९७६मध्येच बजावलं होतं. तरीही त्या उतारावर मजल्यांवर मजले चढत गेले.

म्हणूनच औलीच्या विकासाचा आराखडा जोशीमठच्या गटारांपासून सुरू व्हायला हवा. नव्या लिफ्टची, नव्या हॉटेलांची पाळी त्यानंतरची.

आणि श्रोतेहो, येत्या हिवाळ्यात औलीचा बेत असेल तर स्कीइंग स्थानिक प्रशिक्षकाकडून शिका, गढवाली कुटुंबाच्या घरी उतरा आणि बुग्यालवर नेलेलं प्लास्टिक आपल्याच पिशवीतून परत आणा.