कोयता दोघांचा, घर आजीचं

हेडफोन लावलेत ना? आज ऊसतोडीबद्दल बोलूया. पण फडातल्या माणसांबद्दल नाही, मागे गावात उरतात त्यांच्याबद्दल.

मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टर भरून माणसं निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. परत येतात मार्च-एप्रिलला. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. आमच्या कोडिंगवाल्यांच्या भाषेत, युनिटच दोघांचं ठेवलंय. मग घर रिकामं होणारच ना!

मुंबईच्या गिरणीत गेलेल्याची बायको बहुधा गावीच राहायची, मनीऑर्डर यायची. इथे आई-बाप दोघंही जातात आणि मागे पैसेही येत नाहीत. कारण उचल आधीच घेतलेली असते. लग्न, दवाखाना, घरावरचे पत्रे... निघायच्या आधीच ती संपते. पुढचे पाच-सहा महिने फक्त ती फेडायची.

मागे राहते आजी. ज्वारीचं पोतं, रेशन आणि श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये. तेही वेळेवर आले तर.

पोरांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. नाव वसतिगृह, पण बऱ्याच ठिकाणी पोरं शाळेत जेवतात आणि झोपायला आजीकडेच जातात. योजना चांगलीच आहे, पोरगं फडाऐवजी वर्गात बसतं. पण ताप रात्री चढतो, आणि आजीला मोबाईलवरून नंबर लावता येत नाही. मग धावपळ कोण करणार? थोरली पोरगी. पाणी, भाकरी, धाकट्याची वेणीफणी, सगळं तिच्याकडेच.

हीच पोरगी तेरा-चौदाची झाली की आई-बापाला घोर लागतो. म्हातारीच्या भरवशावर कशी ठेवायची? मग उरकून टाकतात लग्न. वर जोडी झाली की नवा कोयता, नवी उचल. लग्नाचं वय १८ आहे हे सगळ्यांना माहीत असतं हो. कायदा पाठ असून भागत नाही, रात्री घरात मोठं माणूस लागतं. म्हणून नुसती 'जनजागृती' म्हटलं की मला वैताग येतो.

दहावीची परीक्षाही हंगामातच येते. पेपर सुटल्यावर गेटबाहेर पालकांची गर्दी असते ना? आमच्या वर्गातली कितीतरी पोरं त्या गर्दीकडे न बघताच सायकल काढायची.

पुढच्या भागात एका मुकादमाशी बोलतोय. त्याला काय विचारू, व्हॉइस नोट पाठवा.